मेंदूच्या गाठीवर 'ट्रायल'मध्ये जावं का? घरात एकमत नाही

सांजवेळ
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर असते, तेव्हा हा विषय बघून चमकाल.

माझे मोठे दीर, वय ५२, सांगलीजवळ राहतात. दिवाळीनंतर त्यांना शब्द आठवेनासे झाले. समोर किल्ली दिसतेय, तिचं काय करायचं तेही कळतंय, पण तोंडातून "ते... स्कूटरचं ते..." एवढंच. आम्ही सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. मग एका पहाटे फिट आली. एमआरआय, डाव्या बाजूला गाठ, ऑपरेशन. रिपोर्ट: ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूचा कॅन्सर, ग्रेड ४, आयडीएच वाइल्डटाइप (आयडीएच हा जनुक). आता मुंबईत सहा आठवडे लाईट, म्हणजे किरणोपचार, आणि सोबत टेमोझोलोमाइड या कीमोच्या गोळ्या.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलंय, ट्रायलमध्ये यायचं का? नेहमीचे उपचार सगळ्यांनाच, निम्म्या पेशंटना शिवाय एक जास्तीचं औषध. ते कुणाला, हे कॉम्प्युटर ठरवणार. सासरे भडकले, "माझं पोरगं म्हणजे काय उंदीर आहे?" नवऱ्याचं म्हणणं, मोठं हॉस्पिटल, नवं औषध, तेही फुकट, मग अडतंय कुठे? जाऊबाई काहीच बोलत नाहीत. फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे, कारण बाहेर काढला की भांडण.

दुसरं, सगळ्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: "टाटाने मेंदूच्या कॅन्सरवर तांब्याची गोळी शोधली." चुलत सासूबाईंनी तर तांब्याचा तांब्याच पाठवून दिलाय.

आकडे सांगितलेत तरी चालेल. "सगळं छान होईल" हे खूप ऐकून झालंय.

बंडूनाना
वाचतोय. काळजी घ्या ताई. डॉक येतीलच.

गॅलरीतला कावळा
आधी दुसरीकडे रिपोर्ट दाखवा. आमच्या मेहुण्याला 'ब्रेन ट्यूमर' म्हणून सांगितलं, घरात रडारड, आणि निघाली टीबीची गाठ. गोळ्यांनी विरघळली. आज बुलेट चालवतो.

मज्जासंस्था
@कावळा, तुमचं खरं आहे. आपल्याकडे टीबीची गाठ आणि मेंदूत गेलेली पट्टकृमीची अळी, दोन्ही स्कॅनवर ट्यूमरसारखी दिसू शकतात. फिट येण्याचं ते एक मोठं कारणच आहे. पण इथे ऑपरेशन होऊन तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेलाय, आयडीएचची तपासणीही झालीय. सेकंड ओपिनियन जरूर घ्या, तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, पण टीबी निघेल या आशेवर लाईट लांबवू नका.

सांजवेळ, मी किरणोपचारातला डॉक्टर. तुमच्या दिरांच्या फाइलवर इथून मत देणार नाही, ट्रायलबद्दल बोलतो.

त्यांना आज जे 'नेहमीचे' उपचार मिळणार आहेत, ते २००५ पर्यंत नेहमीचे नव्हते. ऑपरेशन आणि किरण, झालं. मग युरोप आणि कॅनडातले ५७३ पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला नुसते किरण, ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), ३० भागांत. दुसऱ्याला तेच किरण, त्या सहा आठवड्यांत रोज टेमोझोलोमाइड आणि नंतर दर २८ दिवसांतले ५ दिवस गोळी, अशा सहा फेऱ्या. आयुष्याचा मधला आकडा पहिल्या गटात १२.१ महिने, दुसऱ्यात १४.६. मधला म्हणजे निम्मे पेशंट त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. ती काही मुदत नव्हे. अडीच महिन्यांसाठी एवढं? असं लोक म्हणतात. पण दोन वर्षांनी हयात असलेले बघा: १०.४ टक्के विरुद्ध २६.५ टक्के. त्या ५७३ जणांच्या घरीही कुणीतरी "उंदीर आहे का" म्हणून विचारलंच असेल.

रिपोर्टमध्ये 'एमजीएमटी' शोधा. हे प्रथिन डीएनएची डागडुजी करतं, म्हणजे गोळीने केलेलं नुकसान भरून काढतं. त्याचा जनुक मिथायलेशनने बंद पडलेला असेल तर गोळी जास्त लागू पडते. तपासणी झाली नसेल तर विचारा.

सांजवेळ
रिपोर्टात 'मिथायलेटेड' लिहिलंय! म्हणजे चांगलं ना? हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मज्जासंस्था
हो, या आजारातल्या त्यातल्या त्यात चांगल्या बातम्यांपैकी आहे.

खडूसकाका
चाललंय ते गोड गोड चाललंय, म्हणून जरा कडू बोलतो. या देशात ट्रायलमध्ये माणसं गेली, घरच्यांना आपला माणूस ट्रायलमध्ये होता हेही माहीत नव्हतं. स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सरकारचे कान उपटले तेव्हा कुठे हलले. फुकट औषध देणाऱ्याचा काहीतरी फायदा असल्याशिवाय देतो का? सासरे बरोबर बोलतायत. माझं मत पटो न पटो.

फॉर्मवाली
@खडूसकाका, इतिहास तुम्ही बरोबर सांगितलात. म्हणूनच पुढचं सांगते. पुण्यात बरीच वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते, म्हणजे पेशंटसमोर तो फॉर्म घेऊन बसणारी बाई मीच.

२००९च्या जूनपासून प्रत्येक ट्रायल सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, आधी नोंदवावी लागते. फॉर्मवर तिचा क्रमांक असतो. घरी बसून त्या संकेतस्थळावर टाका: कोण पैसे देतंय, किती पेशंट घेणार, कशाची कशाशी तुलना, सगळं उघडं दिसतं. क्रमांक नसेल तर सही नाही. २०१९च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई. हे फॉर्ममध्ये लिहिलेलं असायला हवं, तोंडी नको. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीच्या माणसाचा फोनही त्यातच असतो. एकदा लावून बघा, उचलतात का.

सही करायची घाई कुणी करत असेल तर तिथेच शंका घ्या. फॉर्म घरी नेऊ दिलाय हे मला आवडलं. मराठीत नसेल तर मराठीतला मागा, हक्काने. तुमच्या दिरांना बोलताना अडचण आहे, तेव्हा त्यांना समजलंय का हे डॉक्टर कसं ताडून बघतात याकडे लक्ष द्या. "समजलं का?" "हो" हे समजणं नव्हे. आम्ही विचारायचो, "काका, मला सांगा बरं, तुम्हाला काय काय करावं लागणार आहे?" एका आजोबांनी उत्तर दिलं होतं, "दर महिन्याला यायचं, रक्त द्यायचं, आणि तू चहा पाजणार." दोन गोष्टी बरोबर होत्या.

आणि फॉर्मच्या चर्चेत पेशंट खोलीतच हवा. फॉर्म पर्समध्ये ठेवून कसं चालेल?

सांजवेळ
शेवटच्या ओळीला काही उत्तर नाही. ते आजारी आहेत म्हणून आम्ही सगळं त्यांच्या माघारीच बोलतोय.

लातूरकर_मी
दुसरी बाजू लिहितो. माझे वडील अशाच एका ट्रायलमध्ये होते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. कॉम्प्युटरने 'नेहमीच्या' गटात टाकलं. आई त्या दिवशी खूप रडली, जणू लॉटरी हुकली. माणसं चांगली होती, नर्सचा फोन यायचा, एमआरआय वेळेवर व्हायचा. पण प्रत्येक तपासणीला लातूर-मुंबई रात्रभराचा प्रवास, आणि वडिलांना गाडी लागायची. प्रवासखर्च मिळायचा, तोही पावत्या चिकटवून.

वडील गेले. आजतागायत आम्हाला कळलेलं नाही की त्या औषधाचं पुढे काय झालं. चाललं की नाही? एक पत्र तरी पाठवायला काय हरकत होती? मी विरोधात नाही. पण जाताना हे आधीच विचारून ठेवा की निकाल लागला तर आम्हाला कळवणार का.

मज्जासंस्था
@लातूरकर, ही आमच्या क्षेत्राची लाज आहे, मान्य. सीटीआरआय क्रमांक जुन्या कागदांत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, शोधून देतो.

'लॉटरी हुकली' याबद्दल मात्र दोन शब्द, आणि ते सांजवेळच्या नवऱ्यासाठीही. नवं म्हणजे चांगलं असतं तर ट्रायल कशाला लागली असती? बेव्हॅसिझुमॅबचं बघा. गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं इंजेक्शन. स्कॅन इतके सुंदर दिसायचे की डॉक्टरही हरखून जायचे. नव्या पेशंटवरच्या दोन मोठ्या ट्रायलचे निकाल २०१४ मध्ये आले. एकीत आजार आटोक्यात राहण्याचा काळ ६.२ वरून १०.६ महिन्यांवर गेला, आणि आयुष्य? १६.७ आणि १६.८ महिने. म्हणजे काहीच फरक नाही. आजही सूज उतरवायला, स्टेरॉइड कमी करायला आम्ही ते वापरतो, पण आयुष्य वाढवतं म्हणून विकता येत नाही. त्या ट्रायलमध्ये 'नेहमीच्या' गटात गेलेल्यांचं काही हुकलं नव्हतं.

उजवाडावा
मी स्वतः मेंदू उघडून आलेला इसम. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाची मेंदूची गाठ, ग्रेड २, डाव्या बाजूला कपाळामागे. सांजवेळ, तुमच्या दिरांचा आजार वेगळा आहे आणि कडक आहे, त्यामुळे माझी गोष्ट बेतानेच घ्या. पण आतून कसं असतं ते लिहितो.

माझं ऑपरेशन जागेपणी झालं. कवटी उघडेपर्यंत झोपवतात, मग उठवतात. कवटीच्या कातडीला भूल असते, मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. एक मॅडम समोर बसून चित्रं दाखवत होत्या: छत्री, मासा, शिडी. मी नावं सांगायची. पडद्यामागे डॉक्टर बारीक करंट देत होते. एकदा कात्री समोर होती, मला कात्री दिसत होती, आणि शब्दच येईना. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "थांबला." डॉक्टरांनी ती जागा सोडून दिली. मग पाढे. बेचा झाला, बाराचा झाला. डॉक्टर म्हणाले, "सतराचा म्हणा." मी गप्प. आत एकदम धावपळ. मी म्हटलं, "सर, तो मला काल पण येत नव्हता."

माझ्या गाठीत आयडीएचमध्ये बदल आहे. अशा ग्रेड २ वाल्यांसाठी व्होरासिडेनिब नावाची गोळी आलीय, अमेरिकेत २०२४च्या ऑगस्टमध्ये मान्यता. ३३१ पेशंटची ट्रायल, गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा काळ खोट्या गोळीवर ११.१ महिने, खऱ्या गोळीवर २७.७. खोटी गोळी देणं चाललं, कारण आमच्यासारख्यांना एरवी ऑपरेशननंतर नुसतं लक्ष ठेवूनच ठेवतात. सांजवेळ, 'वाइल्डटाइप' म्हणजे हा बदल नाही, त्यामुळे कुणी या गोळीचं नाव सुचवलं तर वेळ घालवू नका.

बंडूनाना
सतराचा पाढा ___/\___ दंडवत घ्या.

गॅलरीतला कावळा
म्हणजे माझं ऑपरेशन झालं तर पाढ्यांवरून अर्धा मेंदू काढून टाकतील.

शेवंता_०७
हे सगळं मोबाइल टॉवरमुळे वाढलंय. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर आला आणि दोन वर्षांत...

खडूसकाका
आला मोबाइल. आता धाग्याचा काश्मीर होणार.

मज्जासंस्था
शेवंताताई, २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कॅन्सर करत असतील' या वर्गात टाकलं, तिथून ही भीती पसरली. २०२४ मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. टॉवरसाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

नाशिकचा_द्राक्ष
त्या तांब्याच्या गोळीबद्दल कुणी बोलेना. मेसेजमध्ये लिहिलंय की द्राक्षातलं काहीतरी आणि तांबं. आमच्या तालुक्याचं कल्याण होईल हो. वाइनरीवाल्यांनी तर पोस्टरसुद्धा छापलं असेल.

मज्जासंस्था
मेसेज साफ खोटा नाही, आणि म्हणूनच घातक आहे.

टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने हे काम केलंय. कल्पना अशी: पेशी मरताना गुणसूत्रांचे बारीक तुकडे बाहेर टाकतात, आणि ते शेजारच्या पेशींत शिरून कॅन्सरला आणखी चेव आणतात. रेस्व्हेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य, आणि तांबं एकत्र आले की ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात आणि त्या तुकड्यांचा नाश करतात. ग्लायोब्लास्टोमाचे २० पेशंट घेतले. त्यातल्या १० जणांना ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस गोळ्या दिल्या, १० जणांना नाही. मग काढलेल्या गाठी तपासल्या. गोळ्या घेतलेल्यांच्या गाठींत वाढीच्या आणि आक्रमकपणाच्या खुणा कमी दिसल्या.

अभ्यास इथे संपतो. पेशंट जास्त जगले का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. बेव्हॅसिझुमॅबमध्ये स्कॅन सुधारला होता, तरी आयुष्य जागचं हललं नाही, हे वर लिहिलंच आहे. दहा जणांवरून मोठ्या ट्रायलपर्यंत जायचं असतं, आणि मेसेजवाले थेट 'शोधली'वर पोचले.

आणि मात्रा ऐका. एका वेळी तांबं ५६० नॅनोग्रॅम, दिवसातून चारदा. आपल्या रोजच्या जेवणातून साधारण मिलिग्रॅमभर तांबं जातं, म्हणजे त्याच्या शेकडो पट. तेव्हा चुलत सासूबाईंच्या तांब्यातलं पाणी दिरांनी खुशाल प्यावं. औषध म्हणून नव्हे, तहान लागली म्हणून.

नाशिकचा_द्राक्ष
म्हणजे वाइन नाही. ठीक आहे. 😔

बॉस्टनवाली_मावशी
उशिरा आले. माझ्या नवऱ्याला ग्लायोब्लास्टोमा होता, इथे उपचार झाले. डोक्याला चिकटवायच्या विद्युतक्षेत्राच्या पट्ट्या आम्ही वापरल्या. २०१७ साली ६९५ पेशंटच्या ट्रायलचा निकाल छापून आलाय, मधला आकडा १६ वरून २०.९ महिने. टीकाही आहे की तुलनेच्या गटाला खोटं यंत्र लावलं नव्हतं. कागदावर जे दिसत नाही ते सांगते: रोज निदान १८ तास लावायचं, डोकं तुळतुळीत ठेवायचं, बॅटरीची पिशवी खांद्याला. मी न्हाव्याच्या हातखंड्याने त्याची हजामत करायला शिकले. कातडी लाल व्हायची, मग पट्टी बोटभर सरकवून लावायची. तो म्हणायचा, लग्नात पण तू माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नव्हतंस. इतकं महागडं यंत्र इन्शुरन्सशिवाय आम्हालाही झेपलं नसतं, तिकडे त्यासाठी घर विकू नका एवढंच सांगेन.

इथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तीन पेशंटना सीएआर-टी पेशी, म्हणजे कॅन्सरवर सोडण्यासाठी बदललेल्या प्रतिकारपेशी, थेट मेंदूच्या पोकळीत दिल्या, २०२४ मध्ये त्याचा निकाल छापून आला. काही दिवसांत गाठी आक्रसल्या, पेपरांत मोठे मथळे. पण दोघांचा आजार लवकरच परत आला.

बंडूनाना
सीएआर-टी आपल्याकडेपण आहे ना? आयआयटीवाल्यांनी स्वस्तात बनवलंय.

मज्जासंस्था
आहे. आयआयटी मुंबई आणि टाटाचं, २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण ते रक्ताच्या विशिष्ट कॅन्सरसाठी. मेंदूसाठी नाही. इथे गाठीतल्या सगळ्या पेशींवर एकच खूण नसते, एका खुणेच्या पेशी मारल्या की दुसऱ्या वाढतात.

आपल्याकडे मेंदूवर चांगल्या ट्रायल होत नाहीत असं मात्र समजू नका. टाटात डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वयाचे २०० पेशंट घेतले, सगळे सौम्य किंवा कमी ग्रेडच्या गाठींचे. मात्रा दोघांना सारखी, एका गटाला मात्र किरण गाठीच्या आकारात काटेकोर बसवून. गाठ दोन्हीकडे सारखीच आटोक्यात राहिली, पण काटेकोर गटातल्या मुलांची बुद्धी आणि हार्मोन्स जास्त टिकले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. नवं औषध नाही, कंपनी नाही, नुसता नेम सुधारला. खडूसकाका, यात फायदा कुणाचा?

खडूसकाका
बरं. पोरांचा. लिहून घ्या, मी एकदा तरी मान्य केलं.

परळकर
इतकी चर्चा झाली, राहणार कुठे हे कुणी विचारलं नाही. मी परळला पेशंटच्या नातेवाइकांसाठी स्वयंसेवक म्हणून जातो, म्हणून हेच दिसतं.

साधे सहा आठवडे लाईट सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यातही घेता येते, बहुतेक महात्मा फुले योजनेतही बसेल. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, म्हणजे देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यात, आज ३०० हून जास्त केंद्रं आहेत, उपचाराची पद्धत तीच. ट्रायल हवी असेल तर मात्र मुंबईतच राहायचं, आणि नंतरच्या तपासण्यांनाही यायचं. औषध फुकट, पण दोन माणसांचं राहणं-खाणं, सोबतच्या माणसाची बुडालेली रजा, दहावीतलं पोर असेल तर त्याचं वर्ष, हे फॉर्ममध्ये नसतं. माझ्या मते तुमच्या घरी भांडण व्हायला हवं ते यावर. उंदीर की माणूस यावर नको.

दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती. रांग असते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाचं पत्र आजच मागा.

लातूरकर_मी
+१. अगदी हेच.

सांजवेळ
मंडळी, थोडी उशिरा आले. धाग्याची प्रिंट काढून (सतराचा पाढा आणि वाइन वगळून) घरी दिली. फॉर्म दिरांसमोरच वाचला. सासऱ्यांनी भिंग घेऊन सगळी पानं वाचली आणि नोकरीत ऑडिटला उभे राहिल्यासारखे प्रश्न काढले. नवऱ्याने क्रमांक टाकून नोंद शोधली. पैसा कंपनीचा नाही, सरकारी आहे. औषधही आधीपासून दुसऱ्या आजारात वापरात असलेलं.

जाऊबाईंनी डॉक्टरांना एकच विचारलं, मध्येच नको म्हटलं तर लाईट बंद करणार का? ते म्हणाले, नाही, उपचार तसेच चालू राहतील. मग दिरांकडे बघितलं. ते बराच वेळ शब्द शोधत होते. शेवटी म्हणाले, "घाल. नाव घाल." सासरे उठून बाहेर गेले, पण येताना सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले.

कोणता गट ते परवा कळेल. आता माझे बारीक प्रश्न. गोळी रिकाम्या पोटी म्हणतात, किती आधी? आणि भूक भयंकर वाढलीय, रात्री तीनला उठून भाकरी मागतात, चिडतात. आजारामुळे का?

मज्जासंस्था
डेक्सा (सूज उतरवायचं स्टेरॉइड) चालू असेल, तर ती भूक, जाग आणि चिडचिड बहुधा स्टेरॉइडची. रक्तातली साखर तपासून घ्या. डेक्साचा दिवसातला शेवटचा डोस दुपारी घेतला तर झोप सुधारते, डॉक्टरांना विचारून वेळ बदला, गोळी मनाने बंद मात्र अजिबात करू नका. टेमोझोलोमाइड रोज एकाच वेळी, रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर तरी आधी. त्यापूर्वी उलटीची गोळी. कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही. दर आठवड्याला रक्त, प्लेटलेट बघायला. ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं.

उजवाडावा
फिटची गोळी चुकवू नका, फोनवर गजर लावा. आणि ते शब्द शोधत असताना तुम्ही वाक्य पूर्ण करू नका. फार राग येतो.

फॉर्मवाली
सही केलेल्या फॉर्मची प्रत घेतलीत ना?

सांजवेळ
घेतली. सासऱ्यांकडे आहे, लॅमिनेट करतो म्हणतायत.

परळकर
दादरला सोमवारी दोन जागा होतील असं दिसतंय. पेशंटचं केस पेपर, दोघांची आधार कार्डं आणि हॉस्पिटलचं पत्र घेऊन सकाळी लवकर जा. व्यनि केलाय.